दारी झुलणारा हत्ती

आपल्याकडील जुन्या मंडळींना एखाद्याच्या वैभवाचे वर्णन करावयाचे झाले, म्हणजे ‘त्याच्या दारी हत्ती झुलतात’ एवढे एक वाक्य त्यांना पुरत असे. माझी आजी हे वाक्य फार सहजतेने वापरी. गावातील ज्या वाड्याविषयी ती बोले, त्याच्या दारात मी पाहिला तो एक मोडका टांगा. पण तो भाग वेगळा. सांगावयाचे ते हे की, हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले, शाळेतील परीक्षेत त्याचा वाक्यात उपयोगही करून दाखविला. तरी दारातला हत्ती झुलतो तो का, हा प्रश्न वयाची चाळिशी उलटेपर्यंत मला सुचला नाही. तो सुचला २०१८ सालच्या नोव्हेंबरात, आणि तोही परमुलखात, बँकॉकपासून तासाभराच्या वाटेवर असलेल्या हत्तींच्या एका मैदानामागे.

एका सरकारी प्रशिक्षणवर्गासाठी निरनिराळ्या राज्यांतील आम्ही अठरा अधिकारी तिकडे गेलो होतो. मधला रविवार मोकळा होता. सकाळी नखोन पथोम येथील भव्य चैत्य पाहावयाचा आणि दुपारी हत्तींचे खेळ, असा बेत ठरला. थायलंडात हिंडताना मराठी माणसाला एक गमतीचा अनुभव येतो. कानाला परकी वाटणारी नावे जरा उकलून पाहिली की आतून ओळखीचे शब्द निघतात. नखोन पथोम म्हणजे नगर प्रथम. तेथील चैत्य तो ‘फ्रा पथोम चेदी’. चेदी म्हणजे आपला चैत्यच. सुमारे १२० मीटर उंचीचा तो नारिंगी घुमट डोळ्यांत मावत नाही. त्याच्या सावलीत आम्ही तासभर शांतपणे बसलो, आणि मग बसमध्ये चढून हत्तींच्या मैदानाकडे निघालो.

अशी मैदाने त्या देशात अनेक आहेत, तेव्हा याचे नाव सांगण्याचे कारण नाही. प्रवेशद्वाराशी केळ्यांच्या फण्या आणि उसाची कांडी टोपल्यांतून विकायला मांडलेली. आत एका हौदात मगरींचा खेळ चालला होता. मगरीच्या उघड्या जबड्यात डोके घालणाऱ्या त्या तरुणाकडे मला पाहवेना, म्हणून मी तेथून लवकर निघालो. पुढे पिंजऱ्यांची एक रांग होती, पक्षी होते, वाघाशेजारी बसून छायाचित्र काढून घेण्याची सोय होती. हे सारे लोक चालता चालता पाहत होते. खरी गर्दी लाकडी बाकांच्या चढत्या पायऱ्यांवर होती.

खेळ सुरू झाला, आणि मी प्रामाणिकपणे सांगतो, मला तो आवडला. राणीच्या बागेत हत्तीवर बसण्यासाठी हट्ट धरणारे मूल माझ्यात अजून शिल्लक असावे. हत्ती ओळीने, एकमेकांची शेपटी सोंडेत धरून आले. गुडघे टेकून त्यांनी नमस्कार केला. भलामोठा चेंडू पायाने टोलवून गोल केले. एकाने सोंडेत कुंचला धरून फुलझाड काढले. संगीत सुरू होताच तिघे जण माना हलवीत, पाय उचलीत नाचू लागले, तेव्हा तर टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या शेजारी केरळचे एक अधिकारी बसले होते. त्रिचूरकडचे असल्यामुळे हत्तींच्या बाबतीत आम्ही त्यांना अधिकारी पुरुष मानीत असू. ते टाळ्या वाजवीत नव्हते. चित्र काढणाऱ्या हत्तीकडे बोट करून ते हळूच म्हणाले, “कुंचल्याकडे पाहू नका, माहुताच्या हाताकडे पाहा.” पाहिले, तर माहुताचा हात हत्तीच्या कानामागे होता आणि कान जसा ओढला जाई तशी रेघ उमटत होती.

मग प्रेक्षकांना आवाहन झाले, की एका हत्तीशी रस्सीखेच कोण खेळणार? आम्ही अठराही जण उतरलो. सरकारी नोकरीत परस्परविरुद्ध दिशांना ओढण्याची आम्हांला सवय. एकाच दिशेने ओढण्याचा योग आयुष्यात प्रथमच आला. हत्तीने मागे वळूनही न पाहता चार पावले टाकली, आणि भारत सरकार व विविध राज्य सरकारे यांचे प्रतिनिधी धुळीत बसले. त्या क्षणाचे छायाचित्र माझ्याजवळ आहे.

अखेरचा देखावा युद्धाचा होता. ध्वनिक्षेपकावरील निवेदक एक शब्द पुन्हा पुन्हा उच्चारीत होता, ‘युत्थहत्थी’. पहिल्या वेळी मी कान टवकारले. युद्ध आणि हत्ती! मूळ पालीतून तिकडे गेलेला ‘हत्थी’ आणि प्राकृतातून आपल्याकडे आलेला ‘हत्ती’ यांची अशी अकस्मात गाठ पडली. प्रसंग १५९३ सालचा. अयुथ्थया, म्हणजे अयोध्या, या राज्याचा राजा नरेसुअन, म्हणजे नरेश्वर, आणि चालून आलेला ब्रह्मदेशचा युवराज यांचे हत्तींवर बसून द्वंद्व झाले, व नरेश्वराने युवराजाला ठार केले, असे थाई बखरी सांगतात. ब्रह्मी बखरी मात्र युवराज गोळी लागून पडला असे म्हणतात. बखरींचा हा स्वभाव आपल्याला नवा नाही. पण त्या देशाच्या मनात हत्तीचे स्थान केवढे आहे हे त्या देखाव्यावरून कळते. इंद्राचा ऐरावत बँकॉक शहराच्या मुद्रेवर आहे. १९१७ साली ‘त्रैरंग’ म्हणून ओळखला जाणारा आजचा ध्वज आला. तोवर सयामच्या निशाणावर पांढरा हत्ती होता. झुली, छत्रे, दुंदुभी, तोफांचा धूर यांतून ते दोन हत्ती समोरासमोर आले तेव्हा अंगावर काटा आला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

खेळ संपल्यावर पाणी पिण्याच्या निमित्ताने मी मैदानामागे गेलो. तेथे पत्र्याच्या लांब छपराखाली हत्ती बांधले होते. मघाशी नाचलेली एक हत्तीण मी कपाळावरच्या खडूच्या नक्षीवरून ओळखली. पुढच्या पायात साखळी होती, आणि ती नाचत होती. म्हणजे मला प्रथम तसेच वाटले. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे डोके डोलत होते, शरीराचा भार या पायावरून त्या पायावर जात होता, सोंड लंबकासारखी हलत होती. ताल अगदी मघाचाच. फक्त तेथे संगीत नव्हते. समोर प्रेक्षक नव्हते. कोणी शिकवीतही नव्हते. शेजारचे दोन हत्तीही त्याच लयीत हलत होते.

“हे नाचणे नव्हे,” मागून आलेले केरळचे स्नेही म्हणाले. “आमच्याकडे देवळांतल्या हत्तींतही हे दिसते. ज्याला चालायला मिळत नाही, तो असा जागच्या जागी चालतो.” मोकळ्या रानातील हत्ती असा झुलत नाही, हे पशुवैद्य व अभ्यासक सांगत आले आहेत. दिवसाचे अनेक तास चरण्यात व चालण्यात घालविणारा, कळपात राहणारा प्राणी एका ठिकाणी एकटा बांधला, म्हणजे त्याच्या देहाला ही लय लागते, आणि एकदा लागली की बहुधा सुटत नाही. मघाच्या नाचाला शिकविण्याचे फारसे काम पडलेच नसावे. जे चालूच होते त्यावर संगीत लावले होते. त्या क्षणी मला आजीच्या वाक्याची आठवण झाली. दारी हत्ती झुलतात, ते या कारणाने!

त्या हत्तिणीचा माहूत उसाची पाने काढीत बसला होता. आमच्या वाटाड्याने दुभाष्याचे काम केले. तो मूळचा सुरिन प्रांतातला, कुय जमातीचा. सुरिन म्हणजे सुरेंद्र. ऐरावताच्या स्वामीचे नाव लाभलेला हा कंबोडियाच्या सीमेवरचा प्रांत, आणि रानटी हत्ती धरणे व माणसाळविणे ही कुय लोकांची पिढीजात विद्या. हत्तीण घरची, बापाच्या वेळेपासूनची. गावाभोवतालचे रान तुटले, तेथे शेते आणि निलगिरीची लागवड आली. चरायला जागा राहिली नाही. तेव्हा बाप तिला घेऊन बँकॉकच्या रस्त्यांवर आला. रात्री उपाहारगृहांसमोर उभे राहावयाचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना ऊस विकून तो तिलाच खाऊ घालू द्यावयाचा. मोटारी अंगावर येऊ नयेत म्हणून तिच्या शेपटीला लाल दिवा बांधीत. हे काम मुलाकडे असे. “तिथे डांबर तापे,” तो म्हणाला, “तिचे पाय भाजत. इथे निदान छप्पर आहे.” मी विचारले, ही अशी का हलते? त्याने तिच्याकडे एकदा पाहिले आणि म्हटले, “पहाटे पाण्यावर नेतो तेव्हा हलत नाही.”

दुसऱ्या दिवशी वर्गात एका थाई अधिकाऱ्याशी मी हा विषय काढला. त्याने जे सांगितले व पुढे मी जे वाचले, त्यावरून चित्र असे दिसते. १९८८ च्या नोव्हेंबरात दक्षिण थायलंडात भयंकर पूर आला. उघड्या पडलेल्या डोंगरउतारांवरून माती आणि तोडून ठेवलेले ओंडके गावांवर कोसळले, शेकडो माणसे दगावली. लोकक्षोभ झाला, आणि १९८९ च्या जानेवारीत सरकारने जंगलतोडीचे परवाने रद्द केले. हा निर्णय योग्यच होता. परंतु उत्तरेकडील जंगलांत ओंडके ओढणारे हत्ती आणि त्यांचे माहूत यांचे काम त्या निर्णयाने एकाएकी गेले. काही हत्ती सीमेपलीकडे गेले, काही चोरट्या तोडीत लागले, काही शहरांत भीक मागू लागले, आणि पुष्कळसे प्रवाशांच्या करमणुकीच्या व्यवसायात आले. आम्ही हुकूम काढणारी माणसे. प्रत्येक हुकुमाच्या तळाशी ‘प्रत माहितीसाठी व आवश्यक त्या कार्यवाहीसाठी’ असे लिहून खाली यादी देण्याची आमची रीत. त्या यादीत हत्ती कोठे बसला असता, याचा मी पुष्कळ विचार केला. वर आणखी एक गोष्ट. थायलंडात रानातल्या हत्तीला वन्यप्राण्यांच्या कायद्याचे संरक्षण आहे. पाळलेला हत्ती मात्र १९३९ च्या एका कायद्याखाली घोडा, बैल, रेडा, खेचर आणि गाढव यांच्या रांगेत ओझ्याचे जनावर म्हणून येतो, आणि आठव्या वर्षी त्याची नोंदणी होते. देश ज्याला ऐरावत म्हणतो, त्याला नोंदवही गाढवाशेजारी बसविते.

यावर आपण हसू नये. हत्तीला माणसाळविण्याची जी रीत आहे ती आपल्याकडची आणि तिकडची फारशी वेगळी नाही. पिल्लू तीनचार वर्षांचे होते न होते तोच आईपासून तोडावयाचे, लाकडी खोड्यात करकचून बांधावयाचे, आणि भूक, जागरण व अंकुश यांनी त्याची जिद्द मोडेपर्यंत ठेवावयाचे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हत्तीविषयीची प्रकरणे आहेत. हत्तीची हत्या करणाऱ्यास देहदंड सांगणारा हा कठोर व्यवहारी पुरुष. पण धरण्यास योग्य हत्ती वीस वर्षांचा, असे तो म्हणतो, आणि दूध पिणारे पिल्लू, आजारी हत्ती, गाभण किंवा पाजती हत्तीण यांना धरू नये असे बजावतो. त्यात दयेचा भाग किती आणि हिशेबाचा किती हे सांगणे कठीण आहे. तरी पिल्लाला हात न लावण्याचा त्याचा नियम आजच्या कितीतरी छावण्यांच्या रीतीपेक्षा बरा. आपल्याकडे केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने २००९ साली संग्रहालयांतील व सर्कशींतील हत्ती वनखात्याच्या छावण्यांत हलविण्याचे निर्देश दिले. निर्देश निघणे आणि हत्ती हलणे या दोहोंमध्ये किती अंतर असते, हे मी आपल्याला सांगावयास नको.

कोणी म्हणेल, मग उपाय सोपा आहे, प्रवाशांनी तिकीट काढू नये. मीही परतल्यावर घरच्यांना तसे बोलून दाखविले होते. परंतु मोठ्या हत्तीला दिवसाला सुमारे दीडशे किलो चारा लागतो, आणि त्या देशातील पाळीव हत्ती साडेतीन हजारांवर आहेत. त्यांना परत नेऊन सोडावे असे रान उरले नाही. आता काही ठिकाणी स्वारी नाही, खेळ नाही, लांबून पाहावयाचे, अशा छावण्या निघाल्या आहेत. त्या मला बऱ्या वाटतात. पण तेथेही हत्तीचे पोट तिकिटावरच चालते. मी त्या माहुताला निघताना काही पैसे देऊ केले. ते त्याने घेतले, आणि त्यांपैकी निम्म्यांची केळी माझ्यासमोरच विकत आणली.

तिकीट कोणीच काढले नाही तर काय होते, हे पुढे दीड वर्षातच दिसले. २०१९ मध्ये त्या देशात चार कोटींच्या आसपास परदेशी प्रवासी आले होते. २०२० च्या मार्चअखेर महामारीमुळे सीमा बंद झाल्या, आणि मैदाने, छावण्या, बाकांच्या पायऱ्या सारे ओस पडले. चारा परवडेना. सुरिनचे कितीतरी हत्ती आपल्या गावांकडे परतले. उत्तरेस चिआंग माईच्या परिसरातून करेन लोकांनी शंभराहून अधिक हत्ती काढले आणि सुमारे दीडशे किलोमीटरची डोंगरवाट पायी तुडवीत मे चेममधील आपल्या खेड्यांकडे नेले. पुढे प्रवासी परतले, तसे पुष्कळ हत्तीही परतले.

त्या पायपिटीची एक लहानशी चित्रफीत केरळच्या स्नेह्यांनी मला त्या एप्रिलात पाठविली. सोबत एक अक्षरही लिहिले नव्हते. टाळेबंदीचे दिवस होते, कचेरीचे काम घरी बसून चालले होते. मी ती चार-पाच वेळा तरी पाहिली. तांबड्या मातीचा रस्ता, पुढे पायी चालणारी माणसे, मागे हत्ती, मध्ये एक पिल्लू आईच्या पोटाखालून वाट काढीत चाललेले. ज्या ठिकाणी वळणावर ते सारे पाणी पिण्यासाठी थांबतात, तेथे मी दर वेळी चित्र थोपवून नीट निरखून पाही. पण चित्रफीत तेथेच संपते, आणि थांबल्यावर ते झुलू लागले की नाही, ते त्यात दिसत नाही.