घरची सुई, घरचे पांघरूण

(नाशिक जिल्ह्यातील शेतकरी व कारागीर कुटुंबांपुढे केलेले भाषण)



आज आम्ही सुईदोऱ्याविषयी बोलणार आहोत. विषय लहान वाटेल. परंतु दिवाळी सरल्यावर निफाडाकडे जी थंडी पडते ती लहान नसते, आणि त्या थंडीसाठी हप्त्याने घेतलेल्या रजया-गाद्यांचे देणेही लहान नसते.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. गोधडी शिवल्याने शेतकऱ्याचे दारिद्र्य जाईल, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. शेतकरी लग्नकार्यात उधळतो म्हणून कर्जात बुडतो, हा ठपका जोतीराव फुले यांनी १८८३ साली पुऱ्या केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात खोडून काढला आहे. लासलगावी कांद्याचा भाव कोसळला, तर ती खोट शंभर गोधड्यांनीही भरून यावयाची नाही. तिचा जाब दुसरीकडेच मागितला पाहिजे. मग सुई कशाला? तर बाजारभाव आपल्या हाती नाही. गाठोड्यातले जुने लुगडे मात्र आपल्या हाती आहे. जे हाती आहे त्याचा हिशेब आधी करावा.

हिशेब असा. नऊवारी लुगडे पुरे भरले तर २७ फूट. त्याच्या चार घड्या केल्या की पावणेसात फुटांचे चार थर होतात. सहावारी साडी १८ फूट. तिच्या तीन घड्या म्हणजे सहा फुटांचे तीन थर. एका माणसाच्या गोधडीस असे सहा-सात थर पुरेत. फाटके, विरलेले कापड आत घालावे. धड कापड वर व खाली घ्यावे. लुगडे मध्येच विरले असेल तर तेवढा भाग कापून दंड घालावा. सर्व कापड आधी धुऊन कडक उन्हात वाळवावे.

सारवलेल्या किंवा फरशीच्या जमिनीवर थर पसरून चारी कोपऱ्यांवर वजन ठेवावे. सुरकुत्या काढून मोठे कच्चे टाके घालावेत. मग काठापासून धावदोरा घालीत चहूबाजूंनी आत मध्याकडे यावे. ओळींमध्ये बोटभर अंतर राखले की धुताना आतले कापड गोळा होत नाही. नायलॉन, पॉलिस्टरच्या साड्या अंगाच्या बाजूस घेऊ नयेत. त्या घाम शोषीत नाहीत, आणि ठिणगी पडली तर वितळून कातडीस चिकटतात. चुलीजवळ निजणाऱ्या लेकरांच्या पांघरुणात तर त्या नकोतच.

उशीच्या अभ्र्यासही शिंप्याकडे धावण्याचे कारण नाही. उशी २४ इंच लांब व १६ इंच रुंद असेल तर ५६ इंच लांब व १८ इंच रुंद कापड घ्यावे. लांबीत दोन बाजूंचे ४८, आत दुमडण्याच्या झडपेचे ६ आणि काठ मुडपण्याचे २ इंच आले. झडप असली म्हणजे गुंडी नको की बंद नको. दाराच्या पडद्याचे कापड दाराच्या दीडपट रुंद घ्यावे, म्हणजे चुण्या पडतात. कोरे मांजरपाट घेतले तर रात्रभर भिजवून, वाळवून मगच कापावे. नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटते. गादीतला कापूस गोळा झाला तर गादी टाकू नये. पिंजाऱ्याकडून तो पिंजून घ्यावा. आपला पैसा गावच्या कारागिराच्या घरी गेला, तर तो गावातच राहतो.

आता पुरुषमंडळींस दोन शब्द. सुई बायकांची, असे म्हणणाऱ्यास आम्ही विचारतो, शिंपी काय बायको असतो? मालेगावचे माग चालविणारे पुरुष नाहीत काय? कापड विणण्यात, विकण्यात पुरुषपण जात नाही, ते घरची उशी शिवण्यात कसे जाते? दिवसभर कांदा काढून, द्राक्षाच्या बागेत वाकून आलेल्या माउलीवर रात्री गोधडीही लादली, तर ती काटकसर नव्हे. ते फुकटचे वेठ होय. म्हणून मुलांस व मुलींस टाका सारखाच शिकवावा, आणि घरातील सर्वांनी एकेक काठ धरावा.

आणखी एक. शहरात आता हातशिवणीच्या गोधड्या हौसेने विकत घेतात. कोणी शिवून मागितली, तर लागलेले दिवस मुलीच्या वहीत लिहून ठेवा आणि शेतातल्या रोजाशी ताडून पाहा. कापड जुने असले तरी श्रम नवे असतात. दोऱ्याचे पैसे देऊन श्रम फुकट मागणाऱ्यास गोधडी देऊ नका.

घरासाठी शिवाल तेव्हा कर्ज टळेल; दुसऱ्यासाठी शिवाल तेव्हा मोल मागा. एवढेच सांगून आम्ही आपली रजा घेतो.