सात वर्षांचे एक टूल



स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे पुण्यात मनापासून स्वागत करतो. चित्राची आणि यंत्राची गाठ या शहरात फार पूर्वीच पडली आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ साली इथे चित्रशाळा छापखाना काढला. तिथली रंगीत शिळाछाप चित्रे घरोघरच्या भिंतींवर लागली. शिळेवर चित्र उलटे असेल तेव्हाच ते कागदावर सुलट उमटते. डाव्याचे उजवे करण्याचे हे काम कारागिराच्या नजरेत आणि मनगटात असे. आज ते ‘फ्लिप’ नावाच्या एका बटणावर होते. चित्र फिरवणे, ताणणे, तिरके करणे, वाकवणे ही सारी त्याच कुळातली कामे. मुक्त स्रोत चित्रसंपादन सॉफ्टवेअरमध्ये ती करणारी ट्रान्सफॉर्म टूल्स कशी घडतात, हा यंदाच्या परिषदेचा विषय आहे.

समितीत या विषयावर बरीच चर्चा झाली. ब्रश, रंग, फिल्टर यांना श्रोते जास्त मिळतील, असे काहींचे म्हणणे होते. मी ट्रान्सफॉर्मचा आग्रह धरला तो मोडी लिपीतल्या जुन्या कागदांमुळे. सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात आणि पुराभिलेखागाराच्या पेशवे दप्तरात काय धन आहे, हे पुण्याला सांगायला नको. पण त्याहून कितीतरी कागद आजही गावोगावच्या घरांत, देवस्थानांत, जुन्या पेट्यांत आहेत. ते स्कॅनरखाली येत नाहीत. कुणीतरी उजेडात धरून मोबाइलवर त्यांचा फोटो काढतो. कागद आयताकृती, पण फोटोत तो एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला निमुळता येतो, आणि वरच्या ओळींपेक्षा खालच्या ओळी मोठ्या दिसतात. वाचणाऱ्याच्या पुढ्यात तो सरळ करून ठेवणे हे ट्रान्सफॉर्म टूलचे काम, आणि माझ्या मते या टूलचा याहून मोलाचा उपयोग दुसरा नाही.

ते होते कसे, हे विद्यार्थ्यांसाठी थोडे सविस्तर सांगतो. सपाट कागदाचा तिरका फोटो आणि त्याचे सरळ रूप यांच्यातला संबंध तीन ओळी आणि तीन स्तंभांच्या एका मॅट्रिक्समध्ये मावतो. तिच्यात आकडे नऊ. पण सगळ्यांना एकाच संख्येने गुणले तरी चित्र तेच राहते, म्हणून खऱ्या अर्थाने मोकळे आकडे आठच. एक बिंदू कुठून कुठे गेला हे कळले की दोन आकड्यांची माहिती मिळते. चार बिंदू, आठ आकडे. म्हणूनच पर्स्पेक्टिव्ह टूल आपल्याला बरोबर चार कोपरे देते. बारावीच्या वर्गात मॅट्रिक्सचे गुणाकार करताना याचा उपयोग काय, असा प्रश्न ज्यांना पडला असेल त्यांना त्याचे उत्तर जुन्या कागदाच्या चार कोपऱ्यांत सापडेल.

पुढची पायरी अधिक अवघड आहे. मूळ चित्रातला प्रत्येक पिक्सेल उचलून नव्या जागी ठेवत गेलो, तर मधेच भोके राहतात. त्यामुळे हिशेब उलट्या दिशेने करावा लागतो. नव्या चित्रातल्या प्रत्येक जागेने विचारायचे, मी मूळ चित्रात कुठे होते? उत्तर बहुधा दोन पिक्सेलांच्या अधेमधे कुठेतरी येते, आणि मग आजूबाजूच्या पिक्सेलांवरून रंग ठरवावा लागतो. ‘लिनिअर’ पद्धत भोवतालचे ४ पिक्सेल पाहते, ‘क्युबिक’ १६ पाहते. यातल्या काही पद्धतींत गडद अक्षराभोवती फिकट कड उमटते. बोरूच्या अक्षरावर अशी कड आली की रेघ कुठे संपते ते कळेनासे होते. कॅनडातले गणितज्ञ निकोला रोबिदू यांनी ही कड टाळण्यासाठी ‘नोहेलो’ आणि ‘लोहेलो’ या पद्धती घडवल्या. त्या आज गिंप या मुक्त स्रोत चित्रसंपादन सॉफ्टवेअरमध्ये आहेत. कागदपत्रांचे काम करणाऱ्यांनी त्या जरूर वापरून पाहाव्यात.

आता ज्या टूलमुळे मला आज इथे बोलावेसे वाटले, त्याच्याकडे येतो. स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये गिंप लिहायला घेतले. पुढे बरीच वर्षे त्यात फिरवण्याचे टूल वेगळे, लहानमोठे करण्याचे वेगळे, तिरके करण्याचे वेगळे आणि पर्स्पेक्टिव्हचे वेगळे, अशी व्यवस्था होती. आधी फिरवा, एंटर दाबा. मग लहान करा, एंटर दाबा. मग कोपरे ओढा. प्रत्येक एंटरला मघाशी सांगितलेला सगळा हिशेब नव्याने होई, आणि प्रत्येक हिशेबात चित्र थोडे पुसट होई. तीन टूल वापरली की तीनदा पुसट. खरे तर या सगळ्या क्रियांच्या मॅट्रिक्स एकमेकींत गुणून एकच मॅट्रिक्स करता येते, आणि पिक्सेलांना फक्त एकदा हात लावून काम भागते. ‘युनिफाइड ट्रान्सफॉर्म’ हे टूल त्यासाठी झाले. फिरवणे, सरकवणे, ताणणे, तिरके करणे आणि पर्स्पेक्टिव्ह, सगळ्यांची हँडल एकाच चौकटीवर. मनासारखे होईपर्यंत ओढत राहा. चित्राचा हिशेब शेवटी एकदाच होतो.

हे टूल २०११ च्या ‘गूगल समर ऑफ कोड’ या उन्हाळी प्रोग्रामिंग उपक्रमात एका विद्यार्थ्याने लिहिले. कुठले हँडल कुठे असावे, कोणत्या कडेला धरले की काय घडावे, याचा आराखडा पीटर सिकिंग यांचा होता. एका उन्हाळ्यात ते चालू लागले. आणि तुमच्या-आमच्या हातात स्थिर आवृत्तीत आले ते एप्रिल २०१८ मध्ये, गिंप २.१० बरोबर. मधे सात वर्षे गेली.

ती वाया गेली असे मी म्हणणार नाही. त्या काळात गिंपचा पाया बदलला जात होता. चित्राची सारी आकडेमोड गेगल या नव्या इंजिनावर आणली जात होती, जेणेकरून एका रंगाला ८ बिटांऐवजी १६ किंवा ३२ बिट देता यावेत. प्रत्येक जुने टूल त्या पायावर पुन्हा बसवायचे होते, आणि हे काम करणारे लोक मोजके, बहुतेक आपापली नोकरी-शिक्षण सांभाळून वेळ देणारे. पाया पुरा होईपर्यंत तयार टूलही थांबून राहिले. तरीही जगभरच्या किती डीटीपी केंद्रांत आणि किती विद्यार्थ्यांच्या संगणकांवर चित्रे विनाकारण तीन-तीनदा पुसट झाली असतील, हा विचार मला अस्वस्थ करतो. गिंपच्या मंडळींनाही हे जाणवले असावे. २.१० पासून त्यांनी नियम सैल केला आणि नवी सोय पुढच्या मोठ्या आवृत्तीसाठी अडवून न ठेवता छोट्या आवृत्त्यांतही द्यायला सुरुवात केली. थ्रीडी ट्रान्सफॉर्म टूल फेब्रुवारी २०२० मध्ये २.१०.१८ या छोट्या आवृत्तीतून आले. माझ्या दृष्टीने हा बदल एखाद्या नव्या टूलइतकाच महत्त्वाचा आहे.

२.१० मधले ‘हँडल ट्रान्सफॉर्म’ मला शिकवण्याच्या दृष्टीने सर्वांत आवडते. चित्रावर एकच हँडल ठेवले तर चित्र नुसते सरकते. दुसरे ठेवले की ते फिरते आणि लहानमोठे होते. तिसऱ्याने तिरके होते आणि चौथ्याने पर्स्पेक्टिव्ह येते. अख्खी भूमिती बोटाखाली एकेक पायरीने उलगडते. त्याआधी, २०१२ च्या २.८ आवृत्तीत, ‘केज’ टूल आले होते. आकृतीभोवती पिंजरा काढायचा आणि पिंजरा हलवला की आतली आकृती वाकते. त्यामागचे गणित लिपमन, लेव्हिन आणि कोहेन-ऑर यांनी २००८ मध्ये मांडले होते. संशोधनातली कल्पना चार वर्षांत कुणालाही फुकट वापरता येणाऱ्या टूलमध्ये उतरली. या गतीचा मला अभिमान वाटतो.

अजून बरेच बाकी आहे. क्रिटा या दुसऱ्या मुक्त स्रोत चित्र-सॉफ्टवेअरने २०१५ मध्ये, २.९ आवृत्तीत, ‘ट्रान्सफॉर्म मास्क’ दिला. त्यात मूळ पिक्सेल जसेच्या तसे राहतात आणि रूपांतर वेगळे साठवले जाते, त्यामुळे महिन्याभरानेही कोपरा हलवता येतो. गिंप ३.० मार्च २०२५ मध्ये आले, तेव्हा फिल्टर असे वेगळे राहू लागले. मात्र साध्या लेयरवर ट्रान्सफॉर्म टूल चालवले की त्या आवृत्तीतही पिक्सेल कायमचे बदलतात. कागदपत्रांच्या कामाला याचा मोठा तोटा आहे. वाचक सहा महिन्यांनी म्हणतो, ही ओळ चुकीची सरळ केली आहे, आणि आपल्याकडे मूळ फोटो राहिलेला नसतो.

इथल्या विद्यार्थ्यांनी ही टूल घडवण्याच्या कामात उतरावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने गिंपचे धडे मराठीतही आणले, त्यांतून शिकलेली मुले आज या सभागृहात बसली आहेत. वापरायला शिकलात, आता आत डोकवा. गिंपचा कोड मुख्यतः सी भाषेत आहे, सगळ्यांसाठी खुला आहे. लगेच नवे टूल लिहिलेच पाहिजे असे नाही. दुसऱ्याने लिहिलेले तपासणारे, चालवून पाहून नेमके कुठे बिघडते ते कळवणारे, मराठी शब्द घालणारे हात जितके वाढतील, तितकी तयार टूल कमी काळ अडकून पडतील.

दुपारच्या सत्रात तळमजल्यावर संगणक मांडले आहेत. घरातल्या जुन्या कागदांचे फोटो आणले असतील तर तिथे घेऊन या. मोडी वाचणारे अभ्यासक आणि कोड लिहिणारे मित्र एकाच टेबलावर बसतील. मूळ फोटो जपून ठेवा, प्रतीवरच काम करा. जेवणाची सोय मागच्या अंगणात आहे, आणि बाहेरगावच्या प्रतिनिधींना निवासाची काही अडचण आली तर पिवळी फीत लावलेल्या स्वयंसेवकांना सांगा.

पुन्हा एकदा आपले स्वागत करतो आणि उद्घाटक महोदयांना विनंती करतो की त्यांनी परिषदेचे उद्घाटन करावे.