हिवाळ्यांतील सिराक्यूज

रोमचा सुप्रसिद्ध वक्ता सिसेरो यानें इ. स. पूर्व ७० मध्यें व्हेरेस नांवाच्या एका सुभेदारावर खटला चालविला. सिसिली बेटाचा कारभार पाहतांना या सुभेदारानें शेतकऱ्यांचें धान्य लुबाडलें व देवळांतील मूर्ति पळविल्या, असा आरोप होता. त्यासाठीं लिहिलेल्या भाषणांत एक तक्रार मोठी गमतीची आहे. व्हेरेस हिवाळ्यासाठीं सिराक्यूज शहरांत मुक्काम ठोकी; कारण तेथील हवा इतकी सौम्य कीं, दिवस कितीहि वादळी असला तरी केव्हां ना केव्हां सूर्यदर्शन घडावयाचेंच. अशा ठिकाणीं राहून हा गृहस्थ मात्र अंथरुणाबाहेर क्वचितच पडे, असें सिसेरोचें म्हणणें! सुभेदार गेला, त्याचें साम्राज्यहि लयास गेलें; पण हिवाळ्यांतील त्या उन्हाची ख्याति टिकून आहे.

आजच्या प्रवाशांची गर्दी मात्र उन्हाळ्यांत लोटते. समुद्रस्नान व प्राचीन रंगभूमीवरील ग्रीक नाटकें, हीं तिचीं दोन कारणें. पण तेथील उन्हाळा सुखाचा असतोच असें नाहीं. ११ ऑगस्ट २०२१ या दिवशीं याच परिसरांत ४८.८ अंश सेल्सिअस तपमान नोंदलें गेलें, आणि जागतिक हवामान संघटनेनें युरोप खंडांतील उच्चांक म्हणून तें पुढें मान्य केलें. उलट डिसेंबर ते फेब्रुवारी या काळांत दुपारचा पारा पंधरा अंशांच्या आसपास राहतो. पावसाच्या सरी येतात, समुद्रावरचा वारा अंगाला झोंबतो आणि डिसेंबरांत पांच वाजण्यापूर्वींच सूर्य मावळतो. तेव्हां लोकरीचें वस्त्र व छत्री जवळ असावी, उघड्यावरचीं स्थळें सकाळीं पाहून घ्यावीं, आणि पुष्कळ दुकानें दुपारीं बंद असतात हें ध्यानांत ठेवावें. एवढें पथ्य पाळणाऱ्याला शहर आपलीं दारें मोकळेपणानें उघडतें.

कॉरिंथहून आलेल्या ग्रीकांनीं इ. स. पूर्व ७३४ च्या सुमारास हें शहर वसविलें. त्याचा प्राचीनतम भाग म्हणजे ऑर्टिजिया हें छोटेंसें बेट. पुलांनीं तें मुख्य भूमीस जोडलें आहे. पूल ओलांडतांच अपोलो देवाच्या मंदिराचे अवशेष लागतात, आणि त्यांच्या शेजारींच सकाळचा बाजार भरतो. हिवाळा हा तेथील संत्र्यांचा हंगाम. साल सोलतांच गर डाळिंबासारखा लालभडक निघतो. या संत्र्यांच्या चकत्यांवर ऑलिव्हचें तेल व मीठ घालून, बडिशेपेच्या कोंवळ्या गड्ड्यांचे काप मिसळून, ते लोक कोशिंबीर करतात. गोड फळाला तेल-मीठ ही कल्पना प्रथम विचित्र वाटते. दुसऱ्या घांसाला ती पटते. जवळच तारलीसारखी मासळी बर्फावर मांडलेली असते, आणि चीज काढून उरलेली निवळी पुन्हां तापवून केलेला रिकोटा टोपल्यांत निथळत असतो. पास्त्यावर शिळ्या पावाचा चुरा तेलांत परतून भुरभुरण्याची चाल तर खास तिकडची. ज्यांना चीज परवडत नसे त्यांनीं शोधलेली ही युक्ति आज श्रीमंतांच्या ताटांतहि मानानें वाढली जाते.

बाजारापासून थोडें चाललें कीं मोठ्या देवालयाचा चौक लागतो. दर्शनी भाग अठराव्या शतकांतील. १६९३ च्या भूकंपानंतर तो नव्यानें उभारला गेला. पण बाजूच्या गल्लींत वळावें, म्हणजे भिंतींत अर्धेमुर्धे बुजलेले प्रचंड डोरिक खांब दिसूं लागतात. हें मुळांत अथेना देवीचें मंदिर. इ. स. पूर्व ४८० मध्यें हिमेराच्या लढाईंत कार्थेजच्या सैन्याचा पराभव केल्यावर गेलॉन या राजानें तें बांधविलें. पुढें ख्रिस्ती लोकांनीं खांबांमधील जागा भरून भिंती केल्या आणि गाभाऱ्याच्या भिंतींत कमानी कोरल्या. देव बदलला, पण उपासना तेथेंच चालूं राहिली. उन्हाळ्यांत ज्या खांबापाशीं क्षणभर उभें राहणें कठीण, तेथें हिवाळ्यांत प्रवाशानें अर्धा तास काढला तरी त्याला कोणी पुढें ढकलीत नाहीं.

मुख्य भूमीवर टेकडींत खोदलेलें ग्रीक नाट्यगृह आहे. नाटकांच्या हंगामांत त्याच्या दगडी पायऱ्या लांकडी आसनांनीं झांकतात. हिवाळ्यांत दगड उघडा असतो. शेजारीं दगडाच्या खोल खाणी आहेत. आज तेथें लिंबा-संत्र्यांचीं झाडें व गर्द वेली आहेत. ‘डायोनिसियसचा कान’ म्हणून प्रसिद्ध असलेली सुमारें २३ मीटर उंचीची गुहा येथेंच आहे. तें नांव १६०८ मध्यें कॅरॅव्हॅजो या चित्रकारानें दिलें, असें सांगतात. पण सिराक्यूजच्या खाणींचा खरा इतिहास याहून दारुण आहे.

इ. स. पूर्व ४१३ मध्यें अथेन्सनें सिराक्यूजवर केलेली स्वारी पूर्णपणें फसली. थ्युसिडिडीझ या इतिहासकाराच्या हिशेबानें निदान सात हजार कैदी या शहराच्या खाणींत कोंडले गेले. वर छप्पर नाहीं. दिवसा ऊन, रात्रीं थंडी, आणि मृतांचीं प्रेतें जिवंतांच्या शेजारीं. आठ महिनेपर्यंत माणशीं रोजचा शिधा सुमारें पाव लिटर पाणी व अर्धा लिटर मापाचें धान्य एवढाच होता. तोहि हिवाळाच होता! युरिपिडीझचीं काव्यें म्हणून दाखविणाऱ्या कांहीं अथेन्सवासीयांना सिराक्यूजच्या लोकांनीं अन्नपाणी दिलें, मोकळेंहि केलें, अशी कथा प्लुटार्कनें नोंदली आहे. शत्रूच्या कवीवर प्रेम करणारें शहर आणि शत्रूला उपाशी मारणारें शहर, हीं दोन नव्हेत. नाट्यगृह पाहून प्रवाशानें खाणीकडे पाठ फिरविली, तर त्याला शहराचें अर्धेंच दर्शन घडलें असें म्हणावें लागेल.

भुकेचा अनुभव पुढें या शहरालाहि आला. इ. स. १६४६ च्या दुष्काळांत लोक आपली संरक्षक संत लुसिया हिची करुणा भाकीत असतां धान्याचें जहाज बंदराला लागलें, अशी परंपरा आहे. दळण्याइतकाहि धीर नव्हता, म्हणून गहूं तसेच उकडून खाल्ले गेले, असें म्हणतात. लुसियाचा सण १३ डिसेंबरचा. त्या दिवशीं तिची रुपेरी मूर्ति देवालयांतून मिरवीत नेतात, आणि सिसिलींतील पुष्कळ घरांत पाव व पास्ता वर्ज्य करून ‘कुच्चिया’ खातात. भिजवून उकडलेले गहूं, त्यांत साखर घालून घोटलेला रिकोटा. महाराष्ट्रीय पाहुण्याला घरच्या गव्हाच्या खिरीची आठवण व्हावी असाच हा प्रकार. पक्वान्न गोड आहे, पण त्याच्या मुळाशीं उपासमार आहे, हें तेथील आजीबाई नातवंडांना विसरूं देत नाहींत.

आज ऑर्टिजियांतील पुष्कळ घरें प्रवाशांच्या मुक्कामासाठीं राखलेलीं आहेत. गर्दी ओसरली कीं त्यांच्या खिडक्या बंद होतात, आणि कोणत्या खिडकीमागें खरोखर संसार आहे तें संध्याकाळीं दिव्यावरून कळतें. शहर केवळ पाहण्याची वस्तु होऊन राहणार, कीं राहण्याची जागा म्हणून टिकणार, हा प्रश्न तेथील लोकांना भेडसावीत आहे. एखाद्या प्रवाशाच्या हातून तो सुटणारा नाहीं. परंतु डिसेंबरच्या थंडींत जो तेथें जातो, बाजारवाल्याकडून दोन संत्रीं विकत घेतो, आणि सणाच्या रात्रीं मिरवणुकीच्या कडेला उभा राहून वाटीभर कुच्चिया खातो, त्याला त्या दिव्यांमागचीं माणसें दिसतात. व्हेरेसनें तेथें हिवाळे काढले, पण तीं माणसें त्यानें कधीं पाहिलीं नाहींत.