डबा बदलण्याआधी मोजा, माणसाला दोष देण्याआधीही मोजा

(कामगार शिक्षण वर्गात रेल्वे व टपाल कामगारांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून या वर्गात पगार, पेन्शन आणि खाजगीकरण यांवर चर्चा झाली. माझ्या वाट्याला आलेला विषय त्या मानाने किरकोळ वाटेल. ट्रकच्या इंधन पंपाचा कंट्रोल मॉड्यूल खराब झाला तर तो कसा ओळखायचा आणि कसा बदलायचा, हा तो विषय. मी मेल मोटर सर्व्हिसच्या वर्कशॉपात उमेदीची वर्षे घालवलेला मेकॅनिक आहे, पुढारी नाही. तेव्हा बोलणार ते पाना-मीटरच्या भाषेत. पण या तळहाताएवढ्या डब्यापायी आमच्या एका ड्रायव्हरच्या पगारातून वसुली होण्याची वेळ आली होती. म्हणून हा विषय युनियनच्या वर्गात आला आहे.

आधी ती हकिकत सांगतो. त्या ड्रायव्हरना आम्ही सगळे अण्णा म्हणत असू. ऑफिसचे नाव घेत नाही. पावसाळ्याचे दिवस होते. अण्णा डाकेच्या थैल्या घेऊन आर.एम.एस.कडे निघाले होते. रस्त्यात इंजिन बंद पडले. अर्ध्या तासाने आपोआप चालू झाले, पण तोवर रेल्वेगाडी सुटली होती. वर्कशॉपात टाकी उतरवून नवा पंप घातला. आठवड्याने गाडी पुन्हा तशीच बंद पडली. मग साहेबांनी निष्कर्ष काढला की पंप नवा, गाडी ठीक, म्हणजे दोष माणसाचा. अण्णांना रूल १६ चा मेमो मिळाला. गाडी हाताळण्यात हयगय केली, सबब पंपाची किंमत पगारातून का वसूल करू नये, असा मजकूर होता. टपालातल्या सोबत्यांना रूल १६ सांगायला नको आणि रेल्वेतल्या सोबत्यांना एस.एफ. ११ सांगायला नको. दोन्हीकडे पगारातून वसुली ही किरकोळ शिक्षांमध्ये मोडते. ज्याच्या घरचा किराणा त्या पगारावर चालतो, त्याला ती किरकोळ वाटत नाही.

आता हा डबा करतो काय ते पाहू. पूर्वी टाकीतल्या विजेच्या पंपाला एक रिले असे. चावी फिरवली की पंप पूर्ण वेगाने चालू, चावी काढली की बंद. नव्या गाड्यांत इंजिनाला लागेल तेवढेच इंधन हवे असते. म्हणून मुख्य संगणक, ज्याला आपण ई.सी.यू. म्हणतो, तो हुकूम देतो आणि हा डबा पंपाचा पुरवठा सेकंदात अनेकदा चालू-बंद करून वेग कमी-जास्त करतो. डिझेल शेडमधल्या सोबत्यांनी ऍल्को इंजिनावरचा गव्हर्नर आठवावा. ड्रायव्हर नॉच देतो आणि त्या नॉचला किती इंधन सोडायचे ते गव्हर्नर सांभाळतो. संगणक आणि पंप यांच्या मध्ये हा डबा तसाच हुकमाचा ताबेदार असतो. तो बिघडला तर पंप धडधाकट असूनही इंजिन उपाशी राहते.

डब्यात विजेचे जोरकस काम चालते, त्यामुळे तो तापतो. उष्णता बाहेर जावी म्हणून त्याची पाठ बहुधा ॲल्युमिनियमची असते आणि हवा लागावी म्हणून तो गाडीखाली चासीला बसवतात. तिथेच चिखल, पाणी आणि गंज यांचा मारा असतो. अमेरिकेतल्या २००४ ते २००८ या सालांच्या फोर्ड एफ-१५० ट्रकमध्ये हा डबा मागच्या बाजूला, स्टेपनीच्या वर, चासीच्या आडव्या पट्टीला चिकटून होता. ॲल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना लागून, मध्ये ओल आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ. दोन धातूंच्या अशा संगतीत ॲल्युमिनियम खाल्ले जाते. डब्याच्या पाठीला भोके पडून पाणी आत शिरे आणि ट्रक वाटेत थांबे. नवा डबा बसवताना मध्ये फट ठेवण्याची रीत तिथल्या मेकॅनिकांनी पाडली. आपल्या कोकणपट्टीत मीठ रस्त्यावर टाकावे लागत नाही, ते हवेतच असते.

आता तपासणी. एक कागद घ्या आणि प्रत्येक आकडा लिहीत चला.

पहिली गोष्ट बॅटरी आणि फ्यूज. १२ व्होल्टच्या गाडीत उभ्या गाडीची चांगली बॅटरी साधारण १२.६ दाखवते. दुसरी गोष्ट, डब्यापर्यंत पुरवठा पोचतो का. तो पंप चालत असताना, म्हणजे भार असताना मोजायचा. भार नसताना कुजलेली तारही पूर्ण व्होल्टेज दाखवून फसवते. तिसरी गोष्ट अर्थिंग. डब्याची अर्थ तार आणि बॅटरीचे निगेटिव्ह यांच्यामध्ये भाराखाली ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आले तर आधी अर्थ दुरुस्त करा. डबा निर्दोष असू शकतो. चौथी गोष्ट, संगणकाचा हुकूम येतो का. हा सिग्नल चालू-बंद होणारा असल्याने साधा मीटर नुसती सरासरी दाखवतो. ड्यूटी सायकल दाखवणारा मीटर किंवा स्कॅनर हवा. पुरवठा, अर्थ आणि हुकूम तिन्ही ठीक असूनही डब्यातून पंपाकडे काही जात नसेल, तर डबा दोषी.

पाचवी गोष्ट पंपाची. दोन तारांचा साधा पंप असेल तर फ्यूज घातलेल्या तारेने त्याला थोडा वेळ थेट पुरवठा देऊन पाहता येते. तीन तारांचा ब्रशलेस पंप असेल तर हा प्रयोग करू नका. पंप किती अँपिअर घेतो तेही मोजा. झिजलेला, अडकणारा पंप जास्त करंट ओढतो आणि नवा डबाही जाळतो.

अण्णांच्या गाडीवर मी हेच केले. थंड असताना सगळे ठीक होते. गाडी तासभर चालवून पुन्हा मोजले. पुरवठा होता, अर्थ उत्तम होती, हुकूम येत होता, पण डब्यातून पंपाकडे जाणारे व्होल्टेज पडत होते. पंपाला थेट पुरवठा दिला तर तो सुरळीत चालला. स्टेपनी काढून पाहिले तर डब्याची पाठ पांढऱ्या भुकटीने भरलेली आणि एका कोपऱ्यात भोक.

बदलण्याचे काम अवघड नाही. गाडी सपाटीवर घ्या, चाकांना ओट लावा, बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. गंजलेल्या बोल्टांवर तेल सोडून थांबा, जोर करून तोडू नका. कनेक्टरची खिट्टी दाबून तो सोडवा, तार ओढू नका. पिनांवर हिरवा गंज असेल तर फक्त डबा बदलून भागणार नाही, कनेक्टरही पाहावा लागेल. नव्या डब्याचा पार्ट नंबर जुन्याशी ताडून घ्या. चासी घासून रंगवा, मध्ये फट राहील असे वॉशर घाला. कनेक्टरच्या अलीकडे तारेला खाली वळण ठेवा, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाईल. जनरल मोटर्ससारख्या काही कंपन्यांच्या गाड्यांत नवा डबा बसवल्यावर त्यात प्रोग्रॅम भरावा लागतो, ते आधीच पाहून ठेवा. शेवटी कोड पुसा आणि गाडी गरम होईपर्यंत भारासह चालवून पुन्हा मोजा.

इथे डिझेलवाल्या सोबत्यांना हात जोडून एक सांगतो. जुन्या पंपाच्या इंजिनात हवा काढण्यासाठी इंजिन फिरत असताना पाइपाचा नट सैल करण्याची आपली सवय आहे. कॉमन रेल इंजिनात दाब १६०० बारच्या आसपास आणि त्याहूनही अधिक असतो. तिथे नट सैल केला तर डिझेलची बारीक धार कातडीतून आत घुसते. वर टोचल्याएवढी खूण दिसते आणि आतून हात सडतो. असे झाले तर चोळत बसू नका, ताबडतोब सर्जनकडे न्या. टाकीकडचा कमी दाबाचा भाग आणि इंजिनावरचा जास्त दाबाचा भाग यांतला फरक नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगा.

अण्णांच्या मेमोचे काय झाले? खुलासा देताना आम्ही जॉब कार्ड आणि लॉग बुक यांची मागणी केली. माझे आकडे तारखेसह जॉब कार्डावर होते, फोरमनची सही होती आणि काढलेला डबा मी पिशवीत बांधून चिठ्ठी लावून ठेवला होता. तो साहेबांच्या टेबलावर ठेवला. वसुली रद्द झाली. यापुढे काळजी घ्यावी, असा शेरा मात्र फायलीत राहिला. कसली काळजी घ्यायची, ते अण्णा निवृत्त होईपर्यंत विचारत होते.

मित्रहो, १ एप्रिल २०१७ पासून देशभर बी.एस. ४ आणि १ एप्रिल २०२० पासून बी.एस. ६ आले. धूर कमी झाला ही चांगली गोष्ट आहे. पण गाडीत डबे वाढले आणि वर्कशॉपात ना स्कॅनर आला ना वायरिंगचे नकाशे. मग कामगाराला जमत नाही म्हणायचे आणि काम बाहेर द्यायचे, ही वाट सोपी होते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली लोकांनी मतदान करून मोटार दुरुस्तीच्या हक्काचा कायदा संमत केला. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक खात्याने २०२२ साली याच हक्कासाठी समिती नेमली आणि त्यात मोटारगाड्याही धरल्या. हा हक्क ग्राहकाइतकाच सरकारी वर्कशॉपातल्या मेकॅनिकलाही हवा.

म्हणून आपल्या मागण्या साध्या आहेत. नवी गाडी घेताना स्कॅनर, वायरिंगचा नकाशा आणि प्रत्यक्ष गाडीवरचे प्रशिक्षण खरेदीतच मागावे. बिघाडाबद्दल मेमो देण्याआधी लेखी तपासणी अहवाल जोडावा. काढलेला भाग चौकशी संपेपर्यंत सीलबंद ठेवावा. आणि आपणही आपले काम करावे. मोजलेला प्रत्येक आकडा तारीख टाकून, सही करून लिहावा. ज्या दिवशी एखाद्या सोबत्याच्या हातात मेमो पडेल, त्या दिवशी भाषणापेक्षा ते जॉब कार्ड त्याच्या जास्त उपयोगी पडेल.

बाहेर अंगणात एक जुना डबा, पंप आणि मीटर मांडून ठेवला आहे. चहा झाला की प्रत्येकाने एकदा तरी स्वतःच्या हाताने मोजून पाहावे, मगच घरी जावे.

कामगार एकजुटीचा विजय असो!