बडोद्याच्या कॉलेजचा घुमट

बडोदे स्टेशनवर उतरून सयाजीगंजात शिरले की कॉलेजचा घुमट दृष्टीस भरतो. विजापूरच्या गोलघुमटाची तो आठवण करून देतो. पण भोवती लहान छत्र्यांचा परिवार असल्याने तितका एकाकी वाटत नाही. मद्रासेत नाव कमावलेले वास्तुशिल्पी चिझम यांची ही रचना.

कॉलेज निघाले १८८१ साली. त्याचे सारे श्रेय सयाजीराव महाराजांना देऊन आपण मोकळे होतो. वास्तविक महाराज तेव्हा अवघे अठरा वर्षांचे. पूर्ण राज्याधिकार त्यांना मिळाले ते त्या वर्षाच्या अखेरीस. कारभार पाहत होते दिवाण सर टी. माधवराव, कुंभकोणमचे, तंजावरी मराठी घराण्यातले. महाराजांनी पुढे कॉलेज वाढविले हे खरेच. परंतु दूर दक्षिणेत रुजलेल्या या मराठी माणसाचे नाव मागे पडावे, हे मला बरे वाटत नाही.

अरविंद घोष येथे आधी फ्रेंच व मग इंग्रजी शिकवीत. १९०६ साली ते बडोदे सोडून बंगालात गेले. येथेच पदवीधर झालेल्या हंसा मेहता १९४९ साली स्थापन झालेल्या बडोदे विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. हे कॉलेज त्याच विद्यापीठात कला शाखा म्हणून सामावले.

त्यापूर्वी मात्र कॉलेज मुंबई विद्यापीठाला जोडलेले होते आणि इंटरच्या परीक्षेस मुंबई गाठावी लागे. मार्च १९१६ मध्ये असाच एक विद्यार्थी गाडीत बसला, सुरतेस उतरला आणि परीक्षा सोडून काशीला निघून गेला. ते विनोबा भावे. शाळा-कॉलेजची प्रमाणपत्रे त्यांनी आधीच आईच्या चुलीत घातली होती.

माझ्या वर्गातील मुलांना मी एकदा तेथे नेले आणि घुमटाखाली उभा राहून ही हकीकत सांगितली. एक मुलगा म्हणाला, “सर, मग आम्ही कॉलेजात यायचे की नाही?” मुले हसली. मला उत्तर सुचेना. शिक्षकाला असे गप्प होणे फार जड जाते. रात्री आठवले की चुलीत गेली ती प्रमाणपत्रे. हेच विनोबा बडोद्याच्या ग्रंथालयात तासन् तास वाचीत बसत. सकाळी वर्गात जाताच मी ते सांगून टाकले.

तो मुलगा नेमका त्या दिवशी गैरहजर होता.