मायची वही

श्रोतेहो, घरातील वडीलधारी बाई गेली म्हणजे तेरा दिवस तिच्याविषयी पुष्कळ बोलले जाते. तिची माया, तिचे कष्ट, तिच्या हातची चव. चौदाव्या दिवशी ज्याचा तो आपल्या कामाला लागतो. तिचे लुगडे कोणी नेते, डबा कोणी नेतो. तिच्या बोलण्याचे काय होते, हे मात्र कोणी विचारीत नाही. कारण ती वस्तू वाटणीत येत नाही. आज मी एका मायविषयी बोलणार आहे, जिचे बोलणे वाटणीतून वाचले. ती आपल्या सुरतेची नव्हे. पण आपल्या सुरतेच्या कडेने जी तापी वाहते, तिच्याच वरच्या खोऱ्यातली ती होती.

बहिणाबाई चौधरी यांचा जन्म 1880 साली जळगावजवळच्या आसोदे गावी, महाजनांच्या घरी झाला. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावच्या नथूजी चौधरींच्या घरी आल्या. तिसाव्या वर्षी वैधव्य आले. पदरी ओंकार, सोपान आणि काशी अशी तीन मुले. त्यातला ओंकार प्लेगने कायमचा अधू झाला. हे सारे चार ओळींत सांगून होते. पण ज्या बाईला ते चाळीस वर्षे वाहायचे होते, तिची कल्पना करावी. शेत होते, जाते होते, चूल होती. अक्षरओळख नव्हती.

त्यांची गाणी आज मराठी मुलखात ठाऊक नाहीत असे घर विरळा. पण ती गाणी मुळात गाणी म्हणून केलेली नव्हती, ही गोष्ट आपण विसरतो. दळताना जे सुचले ते ओवीत बसले. शेतात निंदताना सुचले ते तिथेच वाऱ्यावर गेले. सुगरणीचे घरटे, मोटेचे पाणी, पेरणी, आखाजीला माहेरी येणाऱ्या लेकी, चुलीवरचा तवा हे त्यांचे विषय; म्हणजे तुमच्या-माझ्या आजीला जे रोज दिसत होते, तेच. जळगावातला छापखाना पाहूनही त्यांनी गाणे रचले. कोरा कागद यंत्राखालून जाऊन शहाणा होतो आणि माणूस मात्र होता तसाच राहतो, याचे त्यांना नवल वाटले. ज्या बाईने छापखान्यावर गाणे रचले, तिचे पुस्तक छापून आले ते तिच्या पश्चात.

ते कसे आले, हाच आजच्या बोलण्याचा खरा विषय आहे. थोरला अधू, धाकटा सोपान शाळेत गेला, शिकला, पुढे कवी म्हणून नावारूपाला आला. सोपानदेव चौधरी हे नाव जुन्या पिढीच्या रसिकांना चांगले आठवत असेल. या लेकाने आणि त्याचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी मायच्या तोंडचे जे जमेल ते वहीत टिपून ठेवले. जमेल ते, एवढेच. कितीतरी गाणी कोणी टिपली नाहीत म्हणून गेली. बहिणाबाई 3 डिसेंबर 1951 रोजी जळगावात वारल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. संकोचत दाखवली, असे म्हणतात. आणि मला ते खरे वाटते. जो स्वतः कवी आहे, त्याला आपल्या अशिक्षित आईची गाणी दुसऱ्या साहित्यिकासमोर ठेवताना संकोच वाटणारच. अत्र्यांनी ती वाचली आणि हे धन महाराष्ट्रापासून लपवून ठेवणे हा गुन्हा होईल, अशा अर्थाचे उद्गार काढले. 1952 साली त्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. 2018 साली जळगावच्या विद्यापीठाला या निरक्षर बाईचे नाव देण्यात आले.

कौतुक अत्र्यांच्या रसिकतेचे होते, आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्या वहीचे कौतुक अधिक वाटते. अत्रे नसते तर दुसरा कोणी रसिक भेटला असता. वही नसती तर अत्रे काय वाचणार होते?

आता सुरतेकडे येऊ. 1960 सालच्या 1 मेपर्यंत सुरत आणि खानदेश एकाच मुंबई राज्यात होते, हे आज तरुणांना सांगावे लागते. तापीकाठाने जाणारी रेल्वे आहे. उधना, बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, अमळनेर असे करीत ती जळगावला पोहोचते. नवापूरच्या स्टेशनात तर फलाटाचा एक भाग गुजरातेत आणि दुसरा महाराष्ट्रात आहे. याच गाडीने धुळे, नंदुरबार, जळगाव भागांतील हजारो कुटुंबे यंत्रमागांच्या कामासाठी इकडे आली. लिंबायत, उधना, डिंडोली या वस्त्यांत संध्याकाळी उभे राहावे. कानावर गुजरातीइतकीच अहिराणी पडते. (बहिणाबाईंची बोली अहिराणी नव्हे, लेवा समाजाची, जाणकार ती वेगळी मानतात. पण दोन्ही एकाच मातीतल्या.) नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या मराठी शाळाही या शहरात आहेत.

या घरांतून आजी येते ती बहुधा उशिरा. आधी मुलगा येतो, मग सून, मग नातवंडे. आणि गावाकडे एकटी राहणे जमेनासे झाले की म्हातारी. तिच्यासोबत जाते येत नाही, शेत येत नाही. कळण्याची भाकरी येते, खापरावरच्या पुरणपोळीचा हात येतो आणि बोलणे येते. ते बोलणे ऐकणारा घरात फारसा कोणी नसतो. मुलगा मागावर बारा तास, सून कामाला, नातू मित्रांशी गुजरातीत बोलणार. म्हातारीने एखादी म्हण टाकली तर नातू हसतो. त्याला तिच्यातला अर्धा शब्द कळलेला नसतो. त्यात नातवाचा दोष नाही. त्याला कोणी थांबून सांगितले नाही, एवढेच.

आणि तरी वर्षातून एक दिवस असा येतो, की सारे घर तिच्या तोंडाकडे पाहते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाची देवी सजवायची, रोट करायचे. रोटासाठी घरातल्या पुरुषांच्या संख्येप्रमाणे सव्वा-सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचे. परगावी असलेला मुलगाही त्यात मोजला जातो. हा हिशेब कोणी लिहून ठेवलेला नसतो. तो आजीजवळ असतो. कोणती मूठ कोणाच्या नावाची, कोण परदेशी आहे, कोण वारला म्हणून त्याची मूठ आता घ्यायची नाही, हे ती न चुकता सांगते. त्या रात्री जागरणाला गाणी म्हणायची तीही तिनेच. सुना मागून म्हणतात, त्यांना पहिली ओळ येते, दुसरीला गुणगुणणे होते. आजीला मात्र शेवटपर्यंत येते.

श्रोतेहो, यातली प्रत्येक आजी बहिणाबाई असते, असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे बहिणाबाईंवर अन्याय होईल. तशी प्रतिभा शतकात एखादीच. पण बहिणाबाईदेखील सोपानच्या वहीत उतरण्याआधी जळगावच्या वाड्यातल्या एका विधवा कुणबिणीहून जगाला वेगळ्या दिसत नव्हत्या. कोण कोण आहे, हे लिहून ठेवल्यावाचून कळायचे कसे? आणि प्रतिभा नसली म्हणून काय झाले? कोणाचे माहेर कसे होते, दुष्काळाच्या वर्षी काय शिजवले, पहिल्यांदा सुरतेच्या फलाटावर उतरताना काय वाटले, हे तिच्याशिवाय कोण सांगणार?

सोमवारी सकाळी कानबाईला निरोप देण्यासाठी मिरवणूक तापीकडे निघते. पुढे ढोल, बँड, गुलाल. बायका डोक्यावर देवी घेऊन चालतात. तापीच्या काठी आजी निरोपाचे गाणे म्हणते, आवाज बसलेला असतो तरी म्हणते. हल्ली नातवाच्या हातात मोबाइल असतो, तो सारे टिपून घेतो. घरी येऊन सगळे पाहतात. गर्दी दिसते, गुलाल दिसतो, आजीचे ओठ हलताना दिसतात; ऐकू येतो तो बँड.