यंत्र गेले, काम चालू आहे

(मंडळाच्या गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी सायंकाळी झालेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर दरवर्षी संतसाहित्य, नाट्यसंगीत, आरोग्य अशा विषयांवर जाणकार मंडळी बोलतात. यंदा कार्यकारिणीने आम्हा तिघा मित्रांना उभे केले आहे. आम्ही विद्वान नव्हे. दोघे राज्य सरकारच्या नोकरीत, तिसरा एका शाळेत प्रयोगशाळा सहायक, आणि तिघेही पॉलिटेक्निकचे इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमावाले. बोलणारा एक असला तरी बोलणे तिघांचे आहे, म्हणून 'आम्ही' म्हणतो. विषय आहे पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे मिनी कॉम्प्युटर आणि ते आजही चालते ठेवणारी हौशी माणसे.

या नादाला आम्ही कसे लागलो ते आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्यापैकी एकाच्या कार्यालयात एक वहिनी आल्या. यजमान त्याच खात्यात शिपाई होते, नुकतेच वारले होते. त्यांच्या भविष्य निर्वाह निधीच्या हिशेबात काही वर्षांच्या रकमा दिसत नव्हत्या. सरकारी भाषेत याला 'मिसिंग क्रेडिट' म्हणतात. कागदी रजिस्टरला वाळवी लागलेली. पण त्याच वर्षांचा हिशेब कॉम्प्युटरच्या चुंबकीय टेपवर नोंदवलेला होता आणि त्या टेपची रिळे स्टोअरच्या कपाटात, चिठ्ठ्या लावून, नीट ठेवलेली होती. फक्त ती वाचणारे यंत्र भंगारात गेले होते आणि टेपवर मजकूर कोणत्या क्रमाने लिहिला आहे हे सांगणारा माणूस निवृत्त होऊन परगावी गेला होता. शेवटी जुनी बिले, व्हाउचरे शोधून हिशेब जुळवला. त्यात चौदा महिने गेले. वहिनी दर महिन्याला येऊन बाकावर बसायच्या. रिळे हातात असून आम्हाला काही करता येत नव्हते.

आपल्यापैकी बऱ्याच घरांत पणजोबांच्या पेटीत मोडी कागद आहेत. कागद शाबूत आहेत, पण वाचणारा नाही. त्या टेपचे तसेच झाले होते. तेव्हापासून आम्ही शोधू लागलो की जगात कोणी ही अडचण सोडवली आहे का. सोडवली आहे, आणि मोठ्या कंपन्यांपेक्षा अधिक हौशी लोकांनी सोडवली आहे.

आता मिनी कॉम्प्युटर म्हणजे काय? १९६० च्या आसपास कॉम्प्युटर म्हणजे एक खोली भरणारे, लाखो डॉलरचे यंत्र. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या मेनार्ड गावी एका जुन्या लोकरीच्या गिरणीत १९५७ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे 'डेक', ही कंपनी सुरू झाली. तिने १९६५ साली पीडीपी-८ नावाचे यंत्र आणले. किंमत १८ हजार डॉलर, आकार एखाद्या लहान फ्रिजएवढा. प्रयोगशाळेला, कारखान्याला, कॉलेजच्या एखाद्या विभागाला स्वतःचा कॉम्प्युटर घेता येऊ लागला. त्याच्या सगळ्या आवृत्त्या मिळून ५० हजारांहून अधिक यंत्रे विकली गेली. १९७० साली त्याच कंपनीचे १६ बिटांचे पीडीपी-११ आले, ते तर लाखांनी खपले.

पीडीपी-८ ची गंमत अशी की त्याला मुळात आठच प्रकारच्या आज्ञा कळतात. बेरीज कर, साठव, उडी मार, अशा. स्मृती ४०९६ शब्दांची, प्रत्येक शब्द १२ बिटांचा. ही स्मृती बारीक चुंबकीय कड्या तारांत ओवून केलेली असे, म्हणून वीज गेली तरी त्यातले जात नसे. यंत्राच्या तोंडावर बटणांची रांग आणि लुकलुकणारे दिवे. कोऱ्या यंत्राला सुरुवातीच्या पंधरा-वीस आज्ञा माणसाने बटणे वरखाली करून हाताने भरायच्या. तेवढे झाले की यंत्र भोके पाडलेली कागदी पट्टी वाचायला शिकायचे आणि पुढचे सगळे त्या पट्टीवरून यायचे.

यंत्राइतकीच महत्त्वाची होती वापरणाऱ्यांची संघटना. १९६१ साली 'डेकस' नावाचा वापरकर्त्यांचा गट सुरू झाला. एखाद्या प्रयोगशाळेने कामाचा प्रोग्रॅम लिहिला की तो गटाच्या संग्रहात द्यायचा. दुसऱ्याला हवा असेल तर नकलेचा खर्च भरून मागवायचा. कोणी नफा बघत नव्हते. वर्षातून मेळावे भरत, यंत्राच्या खोड्या एकमेकांना सांगत. एमआयटीमध्ये १९६२ साली स्टीव्ह रसेल आणि त्यांच्या मित्रांनी पीडीपी-१ या आधीच्या यंत्रावर 'स्पेसवॉर' हा खेळ लिहिला, तोही असाच हातोहात पसरला. पुढे १९९८ साली 'डेक' कंपनी कॉम्पॅकने विकत घेतली आणि कॉम्पॅक २००२ साली एचपीत विलीन झाली. नाव पुसले गेले, पण देण्याघेण्याची ती सवय लोकांच्या अंगात राहिली. आजचे हौशी गट त्याच सवयीवर चालतात.

आता खरे जुने यंत्र जपणे किती अवघड आहे ते पाहा. वीजपुरवठ्यातले कपॅसिटर वर्षानुवर्षे पडून सुकतात. एकदम स्विच लावला तर फुटतात. म्हणून विजेचा दाब थोडा थोडा चढवत त्यांना जागे करावे लागते. सुटे भाग मिळत नाहीत. चुंबकीय टेपवरचा थर चिकट होतो, काही वेळा टेप मंद आचेवर शेकून मगच एकदा वाचता येते. कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यू येथील कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये स्वयंसेवकांनी एक पीडीपी-१ दुरुस्त केला आणि त्यावर 'स्पेसवॉर' पुन्हा खेळून दाखवला. या कामाला आमचा दंडवत. पण असे एखाद्या ठिकाणीच होते आणि ते ठिकाण कायम राहील याची खात्री नाही. सिअॅटल शहरात मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल अॅलन यांनी मोठ्या हौसेने जुन्या चालत्या यंत्रांचे संग्रहालय उभारले होते. त्यांच्या निधनानंतर, २०२० च्या साथीत ते बंद झाले. २०२४ साली कळले की ते पुन्हा उघडणार नाही, आणि त्यातल्या वस्तू लिलावात निघाल्या.

मग टिकते काय? बॉब सुपनिक नावाचे गृहस्थ 'डेक'मध्येच वरिष्ठ पदावर होते. त्यांनी १९९३ साली 'सिमएच' नावाचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. अशा प्रोग्रॅमला एम्युलेटर म्हणतात. साध्या भाषेत सांगायचे तर तो नट आहे आणि त्याची भूमिका जुन्या यंत्राची आहे. यंत्राच्या माहितीपुस्तकात लिहिलेले असते की अमुक आज्ञा आली की तमुक खणातला आकडा घेऊन त्यात मिळवायचा. एम्युलेटर एकेक आज्ञा वाचतो आणि तंतोतंत तेच करतो. जुन्या टेपची जागा एक फाइल घेते, डिस्कची जागा दुसरी फाइल. त्या काळचा प्रोग्रॅम जे विचारतो त्याला तेच उत्तर मिळते, म्हणून तो निर्धास्त चालतो. सिमएचमध्ये पीडीपी-८, पीडीपी-११, व्हॅक्स अशी कितीतरी यंत्रे आहेत आणि जगभरचे लोक त्यात भर घालत असतात. आमच्या दहा वर्षे जुन्या लॅपटॉपवर तो पीडीपी-८ मूळ यंत्रापेक्षा कितीतरी वेगाने पळतो. मुद्दाम वेग कमी करावा लागतो!

दिवे आणि बटणे हवीच असतील तर तीही सोय आहे. स्वित्झर्लंडमध्ये राहणारे ऑस्कर व्हर्म्यूलेन यांनी पीडीपी-८ आणि पीडीपी-११ यांच्या दर्शनी पट्टीची छोटी प्रतिकृती तयार केली. सुटे भाग घेऊन घरी जोडायचे, मागे रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा कॉम्प्युटर लावायचा आणि आत सिमएच चालवायचे. आम्ही कोठीच्या गुजराती गल्लीतून दिवे आणि स्विच आणून ओबडधोबड पट्टी स्वतःच जोडली. ती आज मंडपामागच्या टेबलावर ठेवली आहे.

या सगळ्यातली आम्हाला सर्वांत भावलेली हकिकत युनिक्सची आहे. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून युनिक्स घडवले, आधी पीडीपी-७ वर, मग पीडीपी-११ वर. तुमच्या खिशात स्मार्टफोन असेल तर बहुधा त्याच्या आत याच घराण्याचे वळण आहे. पण अगदी सुरुवातीच्या आवृत्तीचा गाभा कोणत्याही टेपवर राहिलेला नव्हता. राहिला होता तो १९७२ सालचा कागदी छापा. २००८ साली युनिक्सचा वारसा जपणाऱ्या हौशी गटाने, ऑस्ट्रेलियातले वॉरन टूमी यांच्या पुढाकाराने, ती पाने वाटून घेतली. स्कॅन केली, कॉम्प्युटरने वाचलेला मजकूर अक्षर न् अक्षर तपासला. शून्याच्या जागी ओ पडला तरी सगळे बिघडते. त्या जुन्या पीडीपी-११ मधला गुणाकार-भागाकाराचा एक जोडभाग सिमएचमध्ये नव्हता, तोही लिहून घातला. आणि छत्तीस वर्षांपूर्वीचा तो कागद चालू झाला, पडद्यावर लॉगिन मागू लागला. त्याआधी २००२ साली कॅल्डेरा कंपनीने जुन्या युनिक्सच्या आवृत्त्या मोकळेपणाने वापरायला परवानगी दिली होती, हेही सांगायला हवे. सरकारी माणसाला परवानगीचे महत्त्व जास्त कळते.

हा केवळ पोरखेळ आहे असे कोणी म्हणेल. पण २०१३ साली जीई कॅनडाकडून पीडीपी-११ चे प्रोग्रॅमर हवे असल्याची बातमी आली होती. तिथल्या अणुवीज केंद्रांतल्या यंत्रमानवांचे नियंत्रण पीडीपी-११ वर होते आणि २०५० पर्यंत ते सांभाळायचे होते. त्या भाषा जाणणारी माणसे आयती मिळत नाहीत. ती हौशी गटांतच सापडतात.

आता आपल्या गावाकडे येऊ. भाभा अणुसंशोधन केंद्राने ट्रॉम्बेला टीडीसी-१२ नावाचा १२ बिटांचा कॉम्प्युटर बनवला, साल १९६९. टीडीसी म्हणजे ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर. तो तयार करून विकण्याचे काम आले आपल्या हैदराबादला, १९६७ साली स्थापन झालेल्या ईसीआयएलकडे. त्यानंतर टीडीसी-३१२ आणि १६ बिटांचा टीडीसी-३१६ निघाला. म्हणजे मिनी कॉम्प्युटरची भारतातली गोष्ट मुंबईजवळ सुरू होऊन आपल्या शहरात वाढली.

गेल्या वर्षी याच मंडपात आमची पट्टी पाहून आपल्यातले एक काका थांबले. वय ऐंशीच्या घरात. काही न बोलता त्यांनी बटणांवर बोटे ठेवली आणि अष्टमान पद्धतीचे आकडे पटापट भरू लागले. तरुणपणी एका प्रयोगशाळेत टीडीसी यंत्रावर त्यांनी काम केले होते. आम्ही हर्षभराने विचारले, "काका, त्याची पुस्तके आहेत का?" ते म्हणाले, "अरे बाबांनो, होती ना. दोन वर्षांपूर्वी फ्लॅट बदलला तेव्हा रद्दीवाल्याने वजन करून नेली. कोणाला लागतील असं वाटलंच नाही."

काकांची काहीच चूक नाही. आम्ही विचारायला दोन वर्षे उशिरा गेलो. त्यानंतर सहा रविवार ते आमच्याबरोबर बसले. पट्टी कशी भरायची, यंत्र अडले की काय करायचे, कोणता दिवा लागला की काय समजायचे, हे सांगत गेले. आम्ही लिहीत गेलो. एक दोनशे पानी वही भरत आली आहे. पण आठवण ती आठवण. आज्ञांचा पूर्ण तक्ता असल्याशिवाय एम्युलेटर लिहिता येत नाही.

म्हणून झोळी पसरून दोन मागण्या करतो. पहिली, ज्यांच्या घरी जुन्या कॉम्प्युटरची माहितीपुस्तके, प्रशिक्षणाच्या नोट्स, भोके पाडलेल्या पट्ट्या, छापे असतील त्यांनी रद्दीत देण्याआधी मंडळाच्या चिटणीसांना सांगावे. आम्ही घरी येऊन स्कॅन करू आणि मूळ कागद परत देऊ. कार्यालयाचे गोपनीय असे काही आम्हाला नको, जे तुमचे स्वतःचे आहे तेवढेच द्या. दुसरी, १९७५ साली पंचविशीत असलेले आज पंचाहत्तरी ओलांडून आहेत. ज्यांनी अशा यंत्रांवर काम केले त्यांनी आम्हाला एक रविवार द्यावा. चहा आमच्याकडून. जमल्यास घरातल्या नातवंडांनाही शेजारी बसवा, कारण आम्हीही पन्नाशीकडे चाललो आहोत आणि ही वही पुढे कोणाच्या तरी हाती द्यायची आहे.

त्या वहिनींचे पैसे अखेर मिळाले. टेपची रिळे मात्र नंतर लिलावात गेली. आमच्या त्या मित्राने कार्यालयात एक छोटी पद्धत पाडली आहे. नवी कॉम्प्युटर प्रणाली आली की कोणत्या रकान्यात काय आहे याचा तक्ता साध्या कागदावर छापून फाइलला लावायचा. वरिष्ठांनीही हरकत घेतली नाही. वर्षाला चारच कागद लागतात.

आरतीनंतर टेबलापाशी जरूर या. काकाही येणार आहेत. मुलांनो, बटणांना हात लावायला पूर्ण परवानगी आहे.

गणपती बाप्पा मोरया!